नकट्या त्रिफोनची छाटणी

संत त्रिफोनचा दिवस १ फेब्रुवारीचा की १४ फेब्रुवारीचा, यावर आमच्या गावात जानेवारी संपता संपता हमखास वाद होतो. पाद्री म्हणतात पहिली. म्हातारे बागाईतदार म्हणतात चौदावी. वाचनालयाच्या सेक्रेटरीबाई म्हणतात, त्यातल्या त्यात जवळचा शनिवार धरा, म्हणजे शहरातली पोरं येतील. आम्हा ‘इंग्रजां’ना कुणी विचारत नाही, पण टेबलं मांडायला पहिला निरोप आम्हालाच येतो.

मी इंग्रज नाही. मी तासगाव तालुक्यातली, द्राक्षबागाईतदाराची मुलगी. आयुष्य ब्रिटनमधल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत गेलं. निवृत्तीनंतर पेन्शनीत तिथे भागेना, म्हणून ब्रेक्झिटच्या आधी आम्ही दोघं उत्तर बल्गेरियात, व्हेलिको तर्नोवो प्रांतात, सुहिंदोलच्या बाजूला एक जुनं घर घेऊन राहिलो. इथल्या लोकांच्या लेखी बाहेरून येऊन गावातलं पडकं घर विकत घेणारा तो इंग्रज. मग तो डच असो, बेल्जियन असो, नाहीतर सांगलीकडची साडीवाली बाई असो.

घर घेतलं तेव्हा फाटकावर एक कागद डकवलेला होता. फोटो, नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा आणि खाली घरच्यांची नावं. बल्गेरियात माणूस गेला की असा कागद दारावर, विजेच्या खांबावर, बसथांब्यावर लावतात, आणि वर्षश्राद्धाला पुन्हा नवा छापतात. कागदावरच्या आजोबांनीच आमच्या अंगणातला द्राक्षाचा मांडव घातला होता. त्याला इथे ‘अस्मा’ म्हणतात. गावातल्या बहुतेक घरांना अस्मा असतेच; तिच्या सावलीत उन्हाळ्यातली जेवणं होतात आणि शरदात तिच्याच द्राक्षांची वाइन तळघरातल्या पिंपात जाते. आजोबांची मुलं सोफियात आणि स्पेनमध्ये. वेलीची काडी तीनेक वर्षं कुणी कापली नव्हती. आमच्या ह्यांना ती झाडोऱ्यासारखी दिसली. मला मात्र ते बघवेना. शेजारच्या आजीबाई कुंपणावरून म्हणाल्या, आत्ता हात लावू नकोस, त्रिफोन येऊ दे.

त्रिफोन म्हणजे तिसऱ्या शतकातला फ्रिगियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला, ख्रिस्ती हुतात्मा. लहानपणी हंस राखायचा, असं त्याच्या चरित्रात सांगतात. त्यात द्राक्षांचा फारसा संबंध नाही. पण बाल्कनमधल्या माळ्यांनी आणि बागाईतदारांनी त्याला आपला पाठीराखा केला, आणि बल्गेरियन खेड्यांनी तर त्याला स्वतःसारखा बेवडाही करून टाकला. त्यांच्या गोष्टीतला त्रिफोन हा देवाच्या आईचा भाऊ. बाळाला घेऊन मंदिराकडे निघालेल्या मरियमेची तो बागेतून थट्टा करतो. ती काही बोलत नाही, सरळ त्याच्या घरी जाते आणि बायकोला सांगते, धाव, तुझ्या नवऱ्यानं नाक कापून घेतलंय. बायको ऊर बडवत बागेत येते. त्रिफोन ठणठणीत. तो हसतो आणि म्हणतो, अगं, मी कधी खालून वर कापतो का? वरून खाली कापतो, हे असं… आणि दाखवता दाखवता नाकाचा शेंडा उडवतो. तेव्हापासून तो नकटा त्रिफोन, आणि ‘झारेझान’ म्हणजे छाटलेला. चर्चला ही गोष्ट अर्थातच मंजूर नाही.

याच्या मागे डायोनिसस या मद्यदेवाचा उत्सव आहे, प्राचीन थ्रेशियन लोक इथे वाइन करायचे तेव्हापासूनची ही परंपरा आहे, असं प्रत्येक पर्यटन-पत्रकात छापलेलं असतं. थ्रेशियन लोक वाइन करत होते हे खरंच आहे. पण तिथपासून इथवर सलग धागा कुणी दाखवलेला नाही, आणि मला त्याची गरजही वाटत नाही. गेल्या दीडशे वर्षांत या सणाचं जे झालं ते जास्त मजेदार आहे.

जुना विधी असा. त्या दिवशी पहाटे घरातली बाई गोल पाव भाजते, वर कणकेचीच द्राक्षाची पानं आणि घड काढते. एक कोंबडी, पोटात तांदूळ किंवा दलिया भरून, आधी उकडून मग भाजतात. नवीन लोकरी झोळीत पाव, कोंबडी आणि वाइनने भरलेला लाकडी चंबू. पुरुष मंडळी बागेत जातात, पूर्वेकडे तोंड करून क्रूस काढतात. मग प्रत्येकजण तीन वेलींच्या तीन काड्या छाटतो. पूर्वी ‘कोसेर’ नावाच्या वाकड्या पात्याच्या कोयतीने, आता सिकेटरने. कापलेल्या जागेवर लाल वाइन ओततात. पाद्री असले तर पाण्यात सब्जाची जुडी बुडवून बागेवर शिंपडतात. त्या तीन काड्यांचा वेढा करून टोपीवर घालतात. त्यानंतर राजा निवडायचा: द्राक्षबागेचा राजा. त्याच्या डोक्यावर काड्यांचा मुकुट, गळ्यात काड्यांची माळ. त्याला गाडीत बसवून बागाईतदारच गाडी ओढत गावात आणतात. घरासमोर त्याची बायको पांढऱ्या कल्हईच्या घागरीत वाइन घेऊन उभी. राजा आधी सगळ्यांना पाजतो, मग स्वतः पितो, आणि उरलेली घागर त्याच्याच डोक्यावर रिकामी करतात.

द्राक्षवाल्या घरातून आलेल्या माणसाला यातली एक गोष्ट लगेच खटकते. ही छाटणी खोटी आहे. आमच्याकडे थंडीत वेल झोपत नाही, म्हणून तिची वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते, एप्रिलमध्ये खरड आणि ऑक्टोबरात गोडी. इथे वेल खरोखर झोपते. उत्तर बल्गेरियात पारा शून्याखाली दहा-पंधरा अंश जातो. जुने लोक तर हिवाळ्यापूर्वी वेली वाकवून मातीखाली पुरून ठेवत आणि वसंतात उकरून काढत. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ज्या बागेवर बर्फ आहे तिथे कोण शहाणा छाटणी करील? खरी छाटणी मार्चमध्ये, बर्फ वितळून वेलीचं पाणी चढायच्या सुमाराला. त्रिफोनच्या तीन काड्या म्हणजे कामाचा मुहूर्त, आपल्याकडे पेरणीआधी तिफणीची पूजा करतात तसा.

आणि बायका? त्या घरी. त्या दिवसापासून तीन दिवस तर त्यांनी कात्रीला हात लावायचा नाही, विणायचं नाही, सूत कातायचं नाही. हे लांडग्यांचे दिवस. कात्री उघडली की लांडग्याचा जबडा उघडतो, आणि ऐन हिवाळ्यात मेंढरं वाड्यात असतात. पुरुष रानात कातरी चालवणार आणि बायकांची कात्री बंद! आजीबाईंच्या आईने हे तीन दिवस कात्र्या सुतळीने बांधून ठेवलेल्या त्यांना आठवतात. त्या स्वतः मात्र त्या दिवसांत माझ्या ह्यांचे केस कापून देतात. म्हणतात, लांडगे गेले, मेंढरंही गेली, आता कोण कुणाला खाणार.

आता तारखेचं भांडण. बल्गेरियाने १९१६ साली जुनी ज्युलियन दिनदर्शिका सोडून ग्रेगोरियन धरली. ३१ मार्चच्या दुसऱ्या दिवशी सरळ १४ एप्रिल आला. चर्चने मात्र ऐकलं नाही, तिथे जुनीच दिनदर्शिका चालू राहिली. त्यामुळे संत त्रिफोनची चर्चची १ फेब्रुवारी सरकारी भिंतीवरच्या कॅलेंडरात १४ फेब्रुवारीला पडू लागली, आणि पन्नासेक वर्षं लोकांनी चौदालाच काड्या छाटल्या. १९६८च्या अखेरीस चर्चने आपल्या स्थिर सणांची दिनदर्शिका सुधारली. संत झाला पहिल्या तारखेचा, पण तोवर चंबूला चौदाची सवय लागलेली. सरकारला हे बरंच झालं असावं. कारण आता चौदा तारखेला संत उरलाच नव्हता, उरली होती नुसती द्राक्षं. आणि समाजवादी सरकारने तो ‘द्राक्षबागाईतदारांचा दिन’ म्हणून थाटात साजरा केला. भाषणं, सहकारी शेतीच्या उत्पादनाचे आकडे, उत्कृष्ट कामगारांचे सत्कार, आणि शेवटी तोच गोल पाव, तीच कोंबडी. समाजवादी सरकार गेल्यावर, १९८९नंतर, पाद्री बागेत परत आले आणि सोबत पहिली तारीखही घेऊन आले. त्यातच चौदा तारखेवर व्हॅलेंटाईन येऊन बसला. उत्साही लोकांनी तोडगा काढलाय, पहिलीपासून चौदावीपर्यंत प्यायचं.

वेलीचं काय झालं ते तर याहून मोठं. १८८४ साली विदिनच्या भागात फिलॉक्सेरा सापडला. मुळांवर जगणारा हा माव्यासारखा किडा अमेरिकेतून युरोपात आला होता आणि फ्रान्सच्या बागा त्याने आधीच उद्ध्वस्त केल्या होत्या. विदिनहून तो पुढे पुढे सरकत गेला. मुळं सुजतात, सडतात, वेल वरून दोन-तीन हंगाम तग धरते आणि मग एकदम जाते. औषध नाही. उपाय एकच: अमेरिकन जंगली वेलीच्या मुळांवर आपली काडी बांधायची, कारण त्या मुळांना हा किडा फारसं काही करत नाही. प्लेवेनला १८९०मध्ये द्राक्षशेतीची शाळा आणि १९०२मध्ये संशोधन केंद्र निघालं, त्यामागे ही निकड होती. बागाच्या बागा उपटून नव्याने लावाव्या लागल्या. म्हणजे ज्या ‘हजारो वर्षांच्या’ वेलीला आम्ही फेब्रुवारीत वाइन पाजतो, तिचं खालचं अंग अमेरिकन आहे. मला यात काहीच नवल वाटत नाही. माझ्या भावाच्या बागेतली तास-ए-गणेशही डॉगरिजवर बांधलेली आहे, आणि डॉगरिज मूळचा टेक्सासकडचा. आमच्याकडे कारण निराळं, खारं पाणी आणि दुष्काळ. पण डोळा भरायची कला तीच.

नव्या लागवडीचा खर्च एकट्यादुकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातला नव्हता. सुहिंदोलला १९०९ साली बागाईतदारांनी सहकारी संस्था काढली, बल्गेरियातली पहिली सहकारी वायनरी. नाव ठेवलं ‘गमझा’, इथल्या स्थानिक काळ्या द्राक्षाचं. सांगली-साताऱ्याच्या माणसाला सहकाराची गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही: आधी आपली वाटते, मग मोठी होते, मग कुणाची तरी होते. ही सरकारची झाली. १९५०च्या दशकाअखेर बहुतेक सगळी जमीन सामुदायिक शेतीत गेली. गावकऱ्यांकडे उरला घराजवळचा तुकडा आणि अंगणातली अस्मा. छाटणीचं खरं कौशल्य या अस्मांवर टिकलं असं मला वाटतं. मोठ्या बागांत पाळ्या लावून काम चालायचं आणि आपली वेल कोणती हे कुणालाच ठाऊक नसायचं.

इथे ब्रिटिश गोष्टीत येतात, गावात पाऊल टाकण्याच्या कितीतरी आधी. १९७०च्या दशकात पेप्सीला पूर्व युरोपात शीतपेय विकायचं होतं. बल्गेरियाकडे डॉलर नव्हते, वाइन होती. देवाणघेवाणीत वाइन पश्चिमेकडे गेली, आणि ती तिथल्या जिभेला रुचावी म्हणून कॅलिफोर्नियातलं तंत्रही इकडे आलं. गमझाच्या जोडीला काबर्ने सोव्हिन्योच्या प्रचंड बागा लागल्या. १९८०च्या दशकात ब्रिटनच्या सुपरमार्केटांत बल्गेरियन काबर्ने स्वस्त आणि बऱ्यापैकी म्हणून धडाधड खपत होती. त्यातली नावाजलेली होती सुहिंदोलची. आमच्या गावातले यॉर्कशरहून आलेले निवृत्त बसचालक सांगतात, लग्नात त्यांच्याकडे हीच वाइन होती, लेबलवरचं नाव उच्चारता येत नव्हतं इतकंच. आता ते त्या नावापासून सायकलच्या अंतरावर राहतात.

मग दोन्ही बाजूंनी मार बसला. १९८५मध्ये गोर्बाचेव्ह यांनी सोव्हिएत संघात दारूविरोधी मोहीम काढली, मोठं गिऱ्हाईक गेलं, बागा उपटल्या गेल्या. १९९१च्या कायद्याने सामुदायिक शेती मोडून जमिनी मूळ मालकांच्या वारसांना परत मिळाल्या. वारस चार शहरांत, जमीन चिंध्या-चिंध्या. १९८०च्या दशकाअखेर जवळपास ९० लाख असलेली देशाची लोकसंख्या २०२१च्या जनगणनेत ६५ लाखांवर आली होती, आणि त्या घटीतला मोठा भाग खेड्यांचा. आमच्या गावची शाळा बंद, दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून एकदा, आणि रिकामी घरं काही हजार पौंडांत विकायला.

युरोपीय संघात बल्गेरिया २००७मध्ये गेला, त्याच्या आगेमागे ही घरं घ्यायला ब्रिटिश आले. परदेशी माणसाला घर घेता यायचं, पण घराखालची जमीन नाही! म्हणून हजारो निवृत्त मंडळींनी एकेक बल्गेरियन कंपनी काढली. कंपनीचा धंदा काय, तर चुलीसमोर बसणं. बसचालक अजून लेटरहेड दाखवतात.

परदेशी माणसाने बल्गेरियन खेड्यात बिऱ्हाड करणं हे तसं नवं नाही. सेंट क्लेअर आणि ब्रोफी या दोघांनी ऑटोमन काळात वार्नाकडच्या एका खेड्यात राहून लिहिलेलं पुस्तक १८६९ साली लंडनला निघालं. सणवार, लग्नं, अंधश्रद्धा सगळं त्यांनी जवळून पाहिलं आणि बरंचसं नाक मुरडून लिहिलं. त्यांचा ओढा तुर्की राज्यकर्त्यांकडे होता. त्यांच्या पानांत शेतकरी सण करतो म्हणजे कामचुकारपणा करतो. आजचे आमचे लोक नाक मुरडत नाहीत. ते उलट्या टोकाला जातात, सगळ्याचंच कौतुक. दोन्हींत बघणारा कुंपणाबाहेरच उभा राहतो.

कुंपणाच्या आत घेतलं ते वाचनालयाने. ‘चितालिश्ते’ला मी वाचनालय म्हणते खरी, पण तिथे पुस्तकांबरोबर रंगमंच, नाचाचा वर्ग, गाण्याचा गट, गावाची सगळी उठाठेव असते. पहिली चितालिश्ते १८५६ साली, स्वातंत्र्याच्या बावीस वर्षं आधी निघाली. त्यातलं एक आमच्याच प्रांतातल्या स्विश्तोवला, डॅन्यूबच्या काठी. ऑटोमन राजवटीत शाळा-नाटक-वाचन यांना एकत्र छप्पर देणारी ही लोकांची संस्था, पुढे प्रत्येक राजवटीत टिकली. सेक्रेटरीबाईंना सणाला माणसं हवी होती. पाव भाजायला दोन आजीबाई उरलेल्या, पुरुष बोटांवर मोजण्याइतके. त्यांनी आमच्याकडून सभासद-वर्गणी घेतली आणि कामं वाटून दिली. अशा रीतीने बायका बागेत गेल्या. धोरण वगैरे काही नाही. चंबू उचलायला पुरुष कमी पडले एवढंच. एका म्हाताऱ्यांनी कुरकुर केली, पण त्यांच्याच कोंबडीचं भांडं एका वेल्श बाईच्या हातात होतं, त्यामुळे ती फार लांबली नाही.

बागेत मी तीन काड्या कापल्या तेव्हा मात्र सगळे थांबून बघत होते. मी तळाशी दोन डोळे ठेवून तिरका काप घेतला, डोळ्याच्या उलट बाजूला उतार देऊन, म्हणजे पाणी डोळ्यावर ओघळत नाही. वडिलांनी शिकवलेलं. कुरकुर करणारे म्हातारे जवळ आले, काडी उचलून काप बघितला, अंगठ्याने चाचपला, आणि काही न बोलता माझ्या हातातला सिकेटर घेऊन स्वतःच्या दगडावर धार लावून परत दिला. मार्चमध्ये गावातल्या आठ-दहा इंग्रज अस्मा आम्ही दोघांनी मिळून छाटल्या. मालक खाली काड्या गोळा करत होते.

नाचाचं तितकं सोपं गेलं नाही. होरो म्हणजे साखळी करून नाचायचा नाच; त्या साखळीत अनोळखी माणसाने पुढे, म्होरक्याच्या अलीकडे घुसायचं नसतं. शेपटीला जोडून घ्यायचं. हे न कळल्यामुळे पहिल्या वर्षी एक डच गृहस्थ गावप्रमुखाच्याही पुढे नाचत निघाले, आणि बिचारी साखळी त्यांच्यामागे बसथांब्यापर्यंत गेली. सरळ होरो कुणालाही जमतो. पण पितळी बँडने, उत्तरेत सणाला बँडच असतो, रचेनित्सा धरली की इंग्रज मंडळी गळतात. सात मात्रा, दोन-दोन-तीन. चारात मोजायची सवय असलेल्यांचा पाय प्रत्येक फेरीला हवेत राहतो. मी शाळेत पेटी शिकलेली. रूपकही सातच मात्रांचा, फक्त तीन आधी येतात. तेवढं उलटं केलं की पाऊल पडतं. ह्यांना मी अजून कानात मोजून देते.

राजा करायचा प्रश्न आला तेव्हा खरी पंचाईत झाली. राजपद स्वस्त नाही. जुन्या काळीही ऐपतीचा माणूस बघत, कारण गावाला पाजायचं ते त्यानेच. गावातल्या पेन्शनरांपैकी कुणी पुढे होईना. शेवटी बसचालकांचं नाव निघालं: पेन्शन पौंडांत, तळघरात दोन पिंपं, स्वभाव हसरा. त्यांनी होकार दिला. मुकुट घातला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून आणलं, बायकोने दारात घागर धरली. आजीबाईंनी आशीर्वादाचे शब्द म्हटले आणि घागर ओतली. उणे चार तापमानात. दोन्ही पिंपं दुपारपर्यंत संपली, मग सुपरमार्केटमधले खोके निघाले, त्यावर थोडी चर्चा झाली आणि तेही संपले.

राजाची एक अट असते, जी कुणी त्यांना आधी सांगितली नव्हती. पीक चांगलं आलं तर पुढच्या वर्षी तोच राजा; वाईट आलं तर बदलायचा. त्या मे महिन्यात गारपीट झाली. अर्ध्या तासात कोवळे घड, पानं, अस्मांवरचे कोंब, सगळं जमिनीवर. दुकानाच्या बाकावर बसलेल्या मंडळींनी गंभीर चेहऱ्याने बसचालकांना विचारलं, काय केलंस रे बाबा. ते खरंच घाबरले. माझ्याकडे आले, नुकसानभरपाई द्यायची पद्धत आहे का म्हणून. मी म्हटलं, नाही, फक्त पायउतार व्हायचं.

पुढच्या फेब्रुवारीत स्पेनमध्ये बांधकामावर वीस वर्षं काढून परतलेल्या गावच्याच एका माणसाला राजा केलं. त्याने आल्या आल्या नवी गमझा लावली आहे, तारा ताणून, ठिबक टाकून. माजी राजांना ट्रॅक्टर चालवायला दिला, अवजड वाहनाचा परवाना गावात त्यांच्याकडेच होता.